पडद्यावरचे पोहे

ज्युडिथ गेली हे अष्टमीतल्या साडेतीनशे घरांना कुणी सांगायला गेलं नाही. त्यांचे टीव्ही बंद पडले, त्यावरून त्यांना कळलं.

सहा वर्षांत सॅम्युएल अष्टमकरने आपल्या हाताने केबल कधी बंद केली नव्हती. वीज जायची, वानरं वायरीला लोंबकळायची, पावसाळ्यात पेट्यांत पाणी शिरायचं, तेव्हा कधी या आळीचं चित्र जायचं, कधी त्या आळीचं. पण एप्रिलातल्या त्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता सगळे चॅनेल सगळीकडे एकदम गेले. बायका दारात आल्या, एकमेकींकडे बघायला लागल्या. ज्युडिथ दोन महिने अंथरुणाला खिळून होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारची गोदूबाई म्हणाली, "ज्युडीबाय गेली गो," आणि चुलीवरचं उतरवून निघाली.

पेणहून ज्युडिथचा थोरला भाऊ नथानियल माणसं घेऊन आला. अष्टमीत इस्राएल लोकांची, म्हणजे ज्यूंची, चारच घरं उरली होती आणि मयतावर कद्दीशची प्रार्थना म्हणायला आपल्यातलेच दहा पुरुष लागतात. मुलगी तामार इस्राएलला अश्दोदमध्ये, तिला वेळेत येणं जमलं नाही. फोनवर ती रडली आणि मग म्हणाली, "बाबा, तुम्ही इकडे या. केबल देऊन टाका कुणाला. तिथे आता आपलं कोण आहे?"

"बघू," सॅम्युएल म्हणाला.

रिवाजाप्रमाणे सात दिवस तो घरात बसून राहिला. आठव्या दिवशी उठला, दाढी न करताच केबलच्या खोलीत गेला, बटणं चालू केली आणि परत येऊन बसला. टीव्ही त्याने लावला नाही. लावून कुणाबरोबर बघणार?

त्यानंतर अडीच आठवडे गावाने त्याच्यापासून एक गोष्ट लपवली. कुणी ठरवून नाही. कुणी आमटी आणून द्यायचं, कुणी भाकरी. आळीच्या टोकाची दिपिका सुक्या जवळ्याची चटणी घेऊन यायची. सॅम्युएल सवयीने विचारायचा, "चित्र बरं आहे ना?"

"झकास आहे काका," दिपिका म्हणायची आणि भांडं घेऊन पटकन निघायची.

शेवटी मे महिन्यातल्या एका रविवारी गोदूबाई आली आणि उंबऱ्यावरच बसली. पेणच्या खाडीकडच्या मिठागरांत तिचा सगळा जन्म गेलेला. नवरा गेल्यावर ती अष्टमीला मुलाकडे राहायला आली होती. मिठात काम करून पायांना भेगा पडलेल्या आणि तोंडाला कसलाही आडपडदा राहिलेला नाही.

"सामूभाव, एक बोलू? राग येल तुला."

"बोल."

"तुजा टीवी पार बिगडलाय."

"कधीपासून?"

"तुजे सात दिस सरले ना, तवापास्नं."

"मग सांगितलं का नाही कुणी?"

"कसा सांगनार? बायको गेलेल्या मानसाला जाऊन काय चित्राचा रडगाना सांगायचा? सगले बोल्ले, बसूदे त्याला. आमी आवाज ऐकतो नि वलखतो कोन बोलतंय ते. पन येत्या शनवारी मॅच हाय ना वल्ड कपची. माजा पोरगा डोका खातो माजा. चित्र तरी दाव नायतर दिनानाथची लाइन घेतो बोल्तो."

सॅम्युएल उठला आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्याने टीव्ही लावला. बातम्या देणाऱ्या बाईचं तोंड पांढऱ्या ठिपक्यांनी भरून गेलं होतं.

दिनानाथ म्हणजे पुलापलीकडचा, रोहे गावातला केबलवाला. त्याच संध्याकाळी तो स्वतःच आला. मोटारसायकल लांब लावून चालत आला, चपला बाहेर काढल्या.

"काका, गैरसमज करून घेऊ नका. माझ्याकडे चित्र स्वच्छ आहे. उपग्रह तोच, डिशही तुमच्याएवढीच. तुम्ही आता दमलात. शनिवारच्या आत तुमच्या लाइनी माझ्याकडे जोडून घेतो. तुम्ही तामारताईकडे जाऊन या."

पोरगा वाईट नव्हता. सहा वर्षांपूर्वी वायर जोडायला तो सॅम्युएलच्याच हाताखाली शिकला होता.

"शुक्रवारपर्यंत थांब," सॅम्युएल म्हणाला. "शुक्रवारी दिवस बुडायच्या आत मला जमलं नाही, तर लाइनी तुझ्या. मग मी जातो पोरीकडे."

शुक्रवार का, हे दिनानाथला सांगावं लागलं नाही. शुक्रवारी दिवस बुडाला की शनिवारी चांदणी दिसेपर्यंत सॅम्युएल डिशला हात लावत नसे. हा ज्युडिथचा कायदा. त्याचे आजोबा शनवार तेली होते, शनिवारी घाणा बंद ठेवायचे. "तेलाचा घाणा असो की तुमचा हा परातीसारखा कान," ती म्हणायची, "शनिवारी त्यालाही विश्रांती." गिऱ्हाइकांनाही ते पाठ होतं. शनिवारी चित्र गेलं तर लोक म्हणायचे, आज शब्बाथ आहे, उद्या येईल.

सोमवारी सकाळी सॅम्युएल शिडी लावून गच्चीवर गेला. डिश हलली असणार, हा त्याचा अंदाज होता. मयताला आलेल्या पाहुण्यांनी आंघोळीचे पंचे डिशच्या कडेवर वाळत घातले होते, ते त्याने त्या दिवसांतही पाहिलं होतं. एका बोटाएवढी डिश हलली तरी वर आभाळात शेकडो मैलांचा फरक पडतो. त्याने पान्याने नट सैल केला, डिश केसभर सरकवली, शिडीवरून खाली आला, टीव्ही बघितला, परत वर गेला. असं दुपारपर्यंत चाललं. चित्र होतं त्याहून वाईट झालं.

हे काम दोघांचं होतं. तो वर, ज्युडिथ खाली खिडकीत. टीव्ही खिडकीसमोर, तिच्या मांडीवर सूप. एक डोळा तांदळावर, एक पडद्यावर. तो डिश फिरवायचा आणि ती ओरडायची, "गेलं... गेलं... आलं!" मग तो वरून विचारायचा, "कसं?" आणि ती काय दिसतं ते सांगायची. तांदूळ निवडता निवडताच तिने नावं ठेवली होती. बारीक ठिपके सगळीकडे सारखे पडले की 'कणी', म्हणजे उपग्रहाकडून येणारं कमी पडतंय, डिश थोडी फिरवा. मोठे ठिपके पडले की 'तांदूळ', म्हणजे जास्तच चुकलंय. आणि चित्र चांगलं आलं की म्हणायची, "धुतलेले!" बाकी काही नाही, एवढंच. अष्टमीतल्या लोकांनाही हे शब्द माहीत होते. फोन करून सांगायचे, आमच्याकडे कणी पडतेय हो.

गोदूबाईने दुपारी त्याला शिडीवरून उतरताना बघितलं. घामाने सदरा अंगाला चिकटलेला.

"मी रावते खिडकीत," ती म्हणाली.

"नको."

"का नको? मी काय टीवी खातेय?"

"गोदूबाय, नको म्हटलं ना."

ती तडक आत गेली, ज्युडिथच्या पाटावर नव्हे, खाली जमिनीवर बसली आणि खिडकीतून ओरडली, "जा रे वर! मान्सं वाट बगतात."

तो गेला. नट सैल केला, डिश सरकवली. खालून काही आवाज नाही. आणखी सरकवली. काही नाही.

"गोदूबाय! काय दिसतंय?"

"सासू लय छलते रे तिला!"

"सासू राहू दे! चित्र कसं आहे?"

"त्या सासूच्या तोंडावर पोहे पडलेत. बरा झाला."

"कणी म्हण गो. कणी पडतेय."

"कनी नाय! इतके दिस ज्युडीबायसंग तांदूल निवडले, मला काय कनी नि पोहे कलत नाय? हे आडवे पडतात, लांबट, चपटे. पोहेच हायत."

सॅम्युएलच्या हातातला पाना थांबला. सकाळपासून तो शिडी चढ-उतर करत होता, पण खाली आल्यावर ठिपके कमी झाले की जास्त एवढंच बघत होता. ते कसे आहेत हे त्याने बघितलंच नव्हतं.

पोहे पूर्वी एकदाच पडले होते. डिश लावली त्याच वर्षी. नवीन धंदा, गिऱ्हाइकं जेमतेम तीस, आणि चार दिवस पडद्यावर आडवे पांढरे पोहे. डिश कशीही फिरवली तरी हटेनात. ज्युडिथने आपल्या प्रेषिताला हात जोडले आणि ती म्हणाली, "एलियाहू हन्नाबी, हे पोहे जाऊ देत, मी तुझा मलिदा घालीन." पाचव्या दिवशी पोहे आपोआप गेले. मागाहून नथानियलने सांगितलं की कुणीतरी जवळच्या टेकडीवर रेडिओचा खांब उभा करून चाचणी घेत होतं, ती संपली. ज्युडिथ म्हणाली, चाचणी कुणी संपवली ते मला माहीत आहे. मलिदा मात्र राहिला. पोहे भिजवायचे, गूळ-खोबरं घालायचं, पाच फळं ठेवायची, दहा माणसं बोलवून प्रार्थना म्हणायची, एवढंच तर काम. पण त्या वर्षी तामारच्या कागदपत्रांची धावपळ, मग एकेक कुटुंब इस्राएलला निघालेलं, मग दहा माणसं एका वेळी जमेनात, मग तिचं दुखणं.

मंगळवारी पहिल्या एसटीने सॅम्युएल पेणला गेला. नथानियलने टेलिफोन खात्यात तीस वर्षं मनोऱ्यांवर चढण्यात घालवली होती. आता तो इस्राएल लोकांच्या मशिदीजवळच्या घरात ओट्यावर बसून पेपर वाचायचा.

"या जावईबापू," तो म्हणाला. "खाल्लंय काही?"

"पोहे पडलेत," सॅम्युएल म्हणाला.

नथानियलने पेपर खाली ठेवला. सगळं ऐकून घेतलं. "डिश फिरवू नकोस आणखी. तुझा उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर वर. तिथून जे येतं ते इथे पोचेपर्यंत कुजबुज होऊन जातं. आणि तुझ्या डिशचं काम काय, तर कुजबुज ऐकणं. आता बाजूला कुणी त्याच पट्टीत बोलायला लागला, भले हळू का असेना, तर तुझी डिश त्याचंच ऐकणार. जमिनीवरून काहीतरी येतंय."

"म्हणजे माझा हात नाही गेला?"

"हात कुठे जातोय? डोकं गेलंय. अडीच आठवडे स्वतःचा टीव्ही बघितला नाहीस?"

"नाही."

नथानियलने पेपरची घडी घातली. "मीही रविवारी फोनजवळ बसतो," तो म्हणाला. "तिचा फोन यायचा ना रविवारी." मग उठला आणि दुर्बीण शोधायला आत गेला.

दुपारी दोघे अष्टमीला गच्चीवर उभे राहिले. डिशचं तोंड आग्नेयेला, आणि त्याच दिशेला खाली धाटावचे कारखाने. नथानियलने बराच वेळ बघितलं आणि दुर्बीण सॅम्युएलच्या हातात दिली. रंग बनवणाऱ्या एका कंपनीच्या पाण्याच्या टाकीवर नवीन खांब होता आणि खांबाला पाटाएवढी पांढरी पेटी, थेट यांच्याकडे तोंड करून.

कंपनीच्या गेटवर अर्धा तास बसल्यावर प्रणित नावाचा इंजिनियर भेटला. तिशीचा असेल, शर्टाच्या खिशाला शाई लागलेली. त्याने दोघांना खुर्च्या दिल्या.

"तो वायरलेस आहे काका. कारखाना आणि नदीपलीकडचं गोदाम, दोन्हीकडचे कॉम्प्युटर जोडलेत. फोनच्या लाइनीवर फार हळू चालायचं, एक यादी पाठवायला सकाळ जायची. परवानगी काढून लावलंय सगळं."

"कधी लावलं?"

"वीस एप्रिलला."

सॅम्युएलने मनात मोजलं. ज्युडिथचा सहावा दिवस. केबल बंद होती, तो भुईवर बसून होता, आणि इकडे माणसं टाकीवर चढून खांब बसवत होती. त्याला राग आला नाही. उलट अंगावरचं ओझं कुणीतरी उचलल्यासारखं वाटलं. रविवारपासून त्याला वाटत होतं, ती गेली म्हणून चित्र गेलं.

"साहेब, दोन मिनिटं बंद कराल? फक्त बघायला."

"दिवसाढवळ्या बंद करायचं म्हणजे..." प्रणितने डोकं खाजवलं. "तुमची केबल कुठली?"

"अष्टमीतली."

"अष्टमी? मी अष्टमीतच खोली घेऊन राहतो! म्हणजे तुमचीच केबल आहे माझ्याकडे. अहो, मला वाटलं माझा टीव्ही बिघडला. दोनदा दुरुस्तीला टाकला मी तो!"

नथानियल इतका हसला की त्याला ठसका लागला.

ठरलं असं: बुधवारी सकाळी बरोबर अकराला दोन मिनिटं. गोदूबाई खिडकीत, सॅम्युएल गच्चीवर, नथानियल घड्याळ धरून. ही गोष्ट गोदूबाईने कुणाला सांगू नये असं कुणी तिला सांगितलं नव्हतं. अकरा वाजले तेव्हा आळीतला प्रत्येक टीव्ही चालू होता.

"गेले!" गोदूबाई किंचाळली. "पोहे गेले रे!"

आणि समोरच्या घरातून, मागच्या आळीतून, पार विहिरीपलीकडून आवाज आले, "गेले! गेले!" दोन मिनिटांनी तितकेच आवाज आले, "आले! आले!" पण या वेळी लोक हसत होते. सॅम्युएल गच्चीवर उभा होता. सहा वर्षं त्याला हा शब्द एकाच तोंडून ऐकायची सवय होती. त्याने सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं.

प्रणितचं म्हणणं सरळ होतं. बंद करणं त्याच्या हातात नाही, वरचे ऐकणार नाहीत. पेटीचं तोंड थोडं फिरवून बघतो, पण पूर्ण जाणार नाही. मग नथानियल म्हणाला, "त्याला गप्प करता येत नसेल तर आपण कानावर हात ठेवू. डिश अशा जागी हवी जिथून आभाळ दिसेल पण धाटाव दिसणार नाही. दिनानाथचं चित्र का स्वच्छ आहे कळलं का? त्याची डिश शाळेच्या इमारतीमागे आहे. त्यालाच माहीत नाही."

अशी जागा घरामागेच होती. आजोबांच्या तेलाच्या घाण्याची खोली. घाणा कधीच मोडला, छपराची कौलं गेली, वासे गेले, पण काळ्या दगडाच्या भिंती दोन पुरुष उंच तशाच उभ्या. ज्युडिथ तिथे लाकडं आणि नारळाची सोडणं ठेवायची.

गुरुवारचा दिवस ती खोली रिकामी करण्यात गेला. सोडणं गोदूबाईने नेली. लाकडं सॅम्युएलने एकेक उचलून ओट्याखाली रचली, ती तिने रचली होती तशीच, जाड खाली, बारीक वर.

शुक्रवारी सकाळी डिश गच्चीवरून उतरवायला सहा माणसं लागणार होती. चार जमली. दहा वाजता दिनानाथ आपल्या हाताखालची दोन पोरं घेऊन आला.

"तू कशाला आलास?" सॅम्युएल म्हणाला. "नाही जमलं तर लाइनी तुझ्या."

"तेच बघायला आलोय," दिनानाथ म्हणाला आणि दोराचं टोक हातात घेतलं. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "मला वाटलं काका, तुमचं मन उडालं."

"मलाही तेच वाटत होतं."

डिश खाली आली. सिमेंट ओतायला वेळ नव्हता, म्हणून घाण्याचं जुनं दगडी उखळ खोलीच्या मधोमध होतं त्यातच खांब उभा करून दगडांनी ठासला. भिंतीवर धाटावच्या बाजूला नथानियलने कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी दुहेरी करून ताणली. पाच वाजले. सॅम्युएलने छोटा टीव्ही खोलीतच स्टुलावर ठेवला आणि डिश फिरवायला लागला. आता शिडी नव्हती, वर-खाली नव्हतं. पडदा त्याच्या हाताच्या अंतरावर होता. खिडकीत कुणी बसायची गरजच उरली नव्हती.

तांदूळ. तांदूळ. मग कणी. मग थोडी थोडी कणी. मग निळा समुद्र आणि त्यावर एक होडी, कसलीशी जाहिरात, पाण्याची लाट न लाट दिसत होती. एकही पोहा नाही.

तो काही बोलायच्या आधीच घरातून, खिडकीतून हाक आली. गोदूबाई तिथे कधी जाऊन बसली होती कुणास ठाऊक.

"आलं रे सामूभाव! आलं!"

सॅम्युएलला दिसत होतं. तरी त्याने भिंतीवरून आवाज चढवून विचारलं, "कसं?"

गोदूबाईला शब्द शोधावा लागला.

"मिठावानी!" गोदूबाई ओरडली. "पयल्या मिठावानी, पांडरा सफेत!"

सॅम्युएलने नट आवळला. शेवटचा पीळ देताना दिनानाथने पाना धरून दिला. मग दिनानाथ म्हणाला, "काका, दिवस बुडायला आला," आणि आपली पोरं घेऊन पुलाकडे निघून गेला.

सॅम्युएलने हात-पाय धुतले. ज्युडिथ लावायची तो तेलाचा दिवा या महिन्यात त्याने लावला नव्हता, त्या शुक्रवारी लावला. काकडा नीट कातरता आला नाही, थोडा धूर झाला. शनिवारी त्याने डिशला हात लावला नाही. दुपारी सवातीनला मॅच सुरू झाली तेव्हा ओट्यावर बारा माणसं बसली होती, प्रणितही होता, आणि गोदूबाईचा मुलगा सगळ्यांत पुढे.

रविवारी तामारचा फोन आला. सॅम्युएलने सांगितलं, पावसाळा संपला की तुला भेटायला येईन, महिनाभर राहीन, मग परत येईन, इथे साडेतीनशे घरं आहेत. तिने थोडा वाद घातला. मग विचारलं, डिश आता कुठे लावलीत? त्याने सांगितलं. घाण्यात? ती हसली आणि म्हणाली, आई असती तर म्हणाली असती, आता तरी डिश शनिवारी गप्प बसेल.

फोन ठेवल्यावर त्याने नथानियलला फोन केला आणि मलिद्याचं बोलला. पोहे गोदूबाई आणणार आहे, नारळ घरचे आहेत. पेणची सहा माणसं येतील, त्याला धरून अष्टमीतले तीन आहेत. नऊ होतात. दहावा माणूस अजून मिळालेला नाही, आणि ज्युडिथचा मलिदा घालायचा राहिला आहे.